‘बसा गं, मी करते’ : चवथीच्या स्वयंपाकघरातली एक तक्रार

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं राजांगणाचं जुनं घर. तीन भाऊ. थोरला घरीच, मधला पुण्यात, धाकटा डोंबिवलीला. ऐंशी ओलांडलेली आई थोरल्याजवळ. वर्षभर या घरात चार माणसं जेवतात आणि चवथीला वीस-बावीस. गणपती पाच दिवसांचा. हे प्रकरण आहे थोरल्या सुनेचं. वय पंचावन्नच्या आसपास. घरातले बहुतेक सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथंही वहिनीच. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे समुपदेशनासाठी त्या आल्या २०२३ च्या ऑक्टोबरात. चवथ उलटून महिना होत आला होता. झोप लागत नव्हती, डोकं दुखत होतं, आणि आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १६० च्या पुढे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ‘टेन्शन घेऊ नका’ असंही सांगितलं, आणि वर माझ्याकडे पाठवलं, हे त्यांनी फार चांगलं केलं. निमित्त म्हणाल तर अगदीच क्षुल्लक. विसर्जनानंतर एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, ‘उरलेल्या नेवऱ्या कुठे ठेवल्यास गं?’ (नेवऱ्या म्हणजे करंज्या.) वहिनींनी डबा ओट्यावर आदळला, झाकण घरंगळत न्हाणीपर्यंत गेलं, आणि त्या हमसाहमशी रडल्या. पाच मिनिटांत डोळे पुसून हसत बाहेर आल्या आणि सासूबाईंची माफी मागितली. ‘काही नाही, जागरण झालं होतं.’

पहिल्या भेटीतलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘माझी कुणाबद्दल तक्रार नाही हं.’ जाताना दारात पुन्हा तेच म्हणाल्या.

त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. पुतण्याच्या बायकोने चतुर्थीच्या सकाळी काढलेला, वीस-तीस सेकंदांचा, घरच्या ग्रुपवर टाकलेला. मागे आरतीच्या घुमट-शामेळ या वाद्यांची तयारी ऐकू येते, कुणीतरी म्हणतं, ‘मोठ्या काकी, स्माईल!’ आणि वहिनी कढईसमोरून वळून छान हसतात. खाली बदामांची रांग, ‘आमच्या घरची अन्नपूर्णा’, ‘नेहमी हसतमुख’. मी तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला. त्यांचा उजवा हात झाऱ्यावर आहे. डावा हात मनगटापर्यंत पाण्याच्या स्टीलच्या तांब्यात आहे. नेवरी सोडताना तेल उडालं होतं. व्हिडिओ पाहिलेल्या दोन डझन माणसांपैकी एकालाही तो तांब्या दिसला नव्हता.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडची चवथ म्हणजे मोदक आणि आरती एवढ्यावर भागत नाही. आदल्या दिवशी गौरी-महादेवाची पत्रीने पूजा, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी, तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे आणि रानातून आणलेली फळं. पंचमीला नव्या भाताची कणसं. नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. अनेक भाज्यांचं खतखतं, मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी, मणगणं म्हणजे चणाडाळीची खीर, नेवऱ्या. एकट्या खतखत्याच्या भाज्या चिरायला दोन बायकांची सकाळ जाते, आणि खोबरं लागत नाही असा पदार्थ शोधावा लागतो. माटोळी बांधण्याचं काम पुरुषांचं. ते दिसतं, त्याचे फोटो निघतात. नारळ सोलणं, खवणं, वाटणं हे मागच्या पडवीत चालतं.

वहिनी हसत होत्या ते खोटेपणाने नव्हे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ऐकलेलं, सणासुदीला तोंड पाडायचं नाही, लक्ष्मी निघून जाते. पुढे त्यात सकाळी सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर येणारे ‘पॉझिटिव्ह राहा’चे सुविचार मिसळले. (या सुविचारांनी माझ्याकडची गर्दी वाढवली आहे असं मला अधूनमधून वाटतं. पुरावा नाही, सोडून देते.)

भावना चेहऱ्यावर येऊ दिल्या नाहीत तर शरीरात काय होतं, यावर जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थिनींना दुःखद आणि गमतीचे चित्रपटाचे तुकडे दाखवले. त्यातल्या काहींना सांगितलं, आत काय वाटतंय ते बघणाऱ्याला कळता कामा नये. चेहऱ्यांवर कमी दिसलं खरं, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला. दुःख तसूभर कमी झालं नाही. मला त्यातला पुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी गमतीचा तुकडा बघताना चेहरा आवरला त्यांना गंमतही कमी वाटली. वहिनींना मी विचारलं, चवथीत तुम्हाला सगळ्यांत काय आवडतं? ‘घुमटावरची आरती,’ त्या म्हणाल्या. आणि थांबून, ‘हल्ली नाही तसं काही होत. आवाज येतो, मी गॅस बारीक करते, तेवढंच.’

घरातल्यांनाही याची झळ लागतेच. २००३ साली एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी एकमेकींना अनोळखी असलेल्या स्त्रियांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवून त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं, भावना दाखवायच्या नाहीत. समोर बसलेल्या, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, अशा बाईचाही रक्तदाब वाढला. वहिनींच्या मधल्या जावेने पुढे मला फोनवर सांगितलं, ‘त्या हसत असल्या की आम्हाला भीती वाटते. काय चुकलं ते कळत नाही.’

आता असं वाटेल की या बाईने मन कधी मोकळंच केलं नव्हतं. तसं नव्हतं. रोज रात्री साडेनऊला सावंतवाडीच्या बहिणीला फोन होता. पाऊण तास, कधी तास. कोण काय बोललं, कोण किती उशिरा उठली, कुणी ताट तसंच ठेवलं, सगळं. बहीण मनापासून ऐके आणि स्वतःच्या जावांच्या चार गोष्टी वर घाले. वर्षानुवर्षं. फोन ठेवल्यावर वहिनींना झोप येत नसे.

मन मोकळं केलं की बरं वाटतं ही समजूत अर्धीच खरी आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. काहीच न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. त्याच वर्षी अमांडा रोझ यांनी शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. तोच तोच त्रास दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा उगाळत राहिलं की मैत्री घट्ट होते, आणि त्याच बरोबरीने उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. सावंतवाडीचा फोन नेमका हाच. त्या फोनमुळे दोघी बहिणी एकमेकींच्या जवळ होत्या, हे मी नाकारत नाही. पण दिवसा हसू आणि रात्री गाऱ्हाणं, या दोन्हींतून जे कळायला हवं ते ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. बहीण डिचोलीला येऊन नारळ खवणार नव्हती.

वहिनींना लिहायची सवय नाही, पण त्यांच्याकडे एक वही होती. चवथीच्या सामानाची. दरवर्षीची यादी, भाव, माटोळीला काय कमी पडलं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून दाखवलंय की मनाला लागलेलं काही दिवस, रोज थोडा वेळ लिहून काढणाऱ्यांचं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. मला मात्र वहिनींना ‘तुमच्या भावना लिहा’ म्हणायचं धाडस झालं नाही. त्यांनी दोन सुविचार लिहून आणले असते. म्हणून म्हटलं, गेल्या वर्षीची यादी उघडा आणि प्रत्येक वस्तूसमोर लिहा : हे कुणी केलं, आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं.

‘नारळ ६०’ या ओळीसमोर त्यांनी लिहून आणलं : ‘सोलले मी आणि गड्याने. खवले मी. धाकटे भावजी मोबाइल बघत म्हणाले, अजून किती राहिले वहिनी? वाटलं, एक नारळ त्यांच्या पायावर टाकावा.’ हे वाचून दाखवताना त्या खळखळून हसल्या. तांब्याच्या व्हिडिओतल्यापेक्षा फार वेगळं होतं ते हसणं. पुढे ‘केळीची पानं १ जुडी’ : ‘मी शेवटच्या पंगतीला बसते. खतखतं संपलेलं असतं. दरवर्षी. मला खतखतं फार आवडतं हे कुणाला माहीत नाही.’

या दोन ओळींनी सगळं वळलं. तोवर त्यांचं म्हणणं होतं, ‘कंटाळा आलाय, जीव नकोसा होतो.’ कामाचा त्यांना कंटाळा नव्हताच. त्यांना राग होता, आणि तो अगदी मोजक्या जागी होता. पहाटेचं एकटेपण, शेवटची पंगत आणि पैसे. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात, पाहिलेल्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. मी मेंदू पाहिला नाही, पण ‘कंटाळा’ खोडून ‘राग’ लिहिणाऱ्या बाईचे खांदे खाली आलेले पाहिले.

पैशांचं प्रकरण जरा खोल होतं. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. वहिनींच्या यजमानांचे खाणीवर चालणारे दोन टिपर (ट्रक) होते. एक विकला, एक दारात गंजला. त्याआधी चवथीचा सगळा खर्च थोरला आनंदाने करी, तो त्याचा मान होता. २०१८ नंतर खर्च तसाच राहिला, मान तसाच राहिला, आणि पैसे वहिनींच्या बचतीतून जाऊ लागले. भावांना हे माहीत नव्हतं. विसर्जनाआधी यजमान बाप्पासमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालत, धंदा बसलाय, मार्ग दाखव महाराजा, आणि मागे उभे दोन्ही भाऊ ‘व्हय महाराजा’ म्हणत. देवाकडे मागायला संकोच नव्हता. ज्यांच्या खिशात पैसे होते ते दोघे दोन हातांवर उभे होते.

वहीतल्या तक्रारी आम्ही वेगळ्या केल्या. सासूबाईंना आता ऐकू कमी येतं, त्या एकच गोष्ट चारदा विचारतात, याला कुणी काही करू शकत नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं, बस. खाणींचंही तसंच. ज्याचं काही होऊ शकतं अशा प्रत्येक तक्रारीसमोर एक नाव लिहायचं. ‘सगळे’ हे नाव चालणार नाही.

वहिनींचा पहिला विचार होता सगळं ग्रुपवर लिहून टाकायचा. मी विचारलं, काय उत्तर येईल? त्यांनीच सांगितलं, ‘हात जोडलेले येतील. आणि बदाम.’ मग त्यांनी मधल्या जावेची निवड केली. दोघींचं फारसं सख्य नव्हतं, पण वहिनींच्या मते ‘ती तोंडावर बोलते’. मला ही निवड पटली. लाघवी माणसाला तक्रार सांगितली की सांत्वन मिळतं, आणि काम तिथंच राहतं.

वाक्य ठरवायला आम्हाला बराच वेळ लागला. पहिल्या मसुद्यात ‘तुम्ही कुणी कधीच’ होतं. दुसऱ्यात इतकं गोड झालं की तक्रार कुठे आहे ते सापडेना. शेवटी उरलं ते असं : काय घडलं, माझं काय झालं, मला काय हवं.

२०२४ चा मे. पुण्याची मंडळी आंब्या-फणसांसाठी आलेली. मागच्या पडवीत हातांना खोबरेल लावून दोघी जावा गरे काढत बसल्या होत्या. ही वेळ वहिनींनी मुद्दाम धरली, कारण चिकाच्या हातांनी कुणाला फोन घेता येत नाही.

‘तुला एक सांगायचंय. चवथीची सकाळ मला एकटीला झेपत नाही. गेल्या वर्षी मी पहाटे साडेतीनला उठले आणि दुपारी साडेतीनला जेवले. त्यानंतर महिनाभर मला झोप नव्हती. यंदा सहा वाजल्यापासून तुम्ही दोघी माझ्याबरोबर ओट्याशी हव्यात.’

जाऊ काही क्षण गरे काढत राहिली. मग म्हणाली, ‘वहिनी, मी आले होते. लग्नानंतरच्या पहिल्या दोन चवथींना रोज सकाळी आले. तुम्ही म्हणालात, बसा गं, मी करते. हसून म्हणालात. तिसऱ्या वर्षी मी झोपून राहिले.’

वहिनींना हे आठवत नव्हतं. त्या रात्री त्यांनी सावंतवाडीला फोन केला नाही. आणि झोपल्या.

या झोपेकडे मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. तोवर काहीच बदललं नव्हतं. चवथ चार महिने लांब होती, जावेने कबूल केलं होतं तेही अर्धवट, ‘बघू या, धाकटीशी बोलते.’ तरी झोप सुधारली ती मेमध्येच. माझा अर्थ असा : तक्रार मान्य होण्याआधीच, ती योग्य माणसाच्या कानावर पडल्यानेच निम्मं ओझं उतरलं होतं. दिवसभर चेहरा सांभाळण्याची कसरत एका माणसापुरती तरी थांबली. आणि ‘कुणाला माझी पर्वा नाही’ या समजुतीला, जी त्या रोज रात्री फोनवर घोटत होत्या, पहिल्यांदा उलट पुरावा मिळाला. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे, आणि ती बंद करण्याचा प्रश्न डॉक्टरांचा आहे. तक्रारीने रक्तदाब बरा होतो असं मी म्हणत नाही.

यजमानांशी बोलणं जास्त अवघड गेलं. ‘भावांकडे हात पसरू?’ हाच सूर. वहिनींनी वही समोर ठेवली, सहा वर्षांचे आकडे. ते उठून बाहेर गेले. दोन दिवस घरात अबोला. मग त्यांनी स्वतःहून मधल्याला फोन केला, बोलणं पावसावरून सुरू केलं, आणि शेवटी खर्चाचे तीन हिस्से ठरले. टिपर उभा राहिल्यापासून ते स्वतःही सगळ्यांसमोर ‘चाललंय मजेत’ म्हणत होते. एका घरात दोघं जण एकमेकांपासून तोच मुखवटा जपत होते, आणि दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्यासाठी करतो आहोत.

चवथ आली ७ सप्टेंबरला. सगळं सुरळीत झालं असं नाही. नैवेद्यापुरत्या नेवऱ्या घरी आणि बाकीच्या गावातल्या स्वयंसाह्य गटाकडून, यावर सासूबाई नाराज झाल्या आणि पाचही दिवस ‘या घरच्या की विकतच्या?’ असं विचारून मगच तोंडात घालत राहिल्या. धाकटी जाऊ दुखावली. तिचं म्हणणं, मला थेट का नाही सांगितलं, दुसरीकडून निरोप कशाला? तिचं चुकलं नव्हतं. ती दीड दिवस राहून परतली. धाकट्या दिरांनी हिस्सा दिला, पण दिवाळीनंतर. त्यांनी नारळ मात्र सोलले, आणि हाताला फोड आल्याचं इतक्यांना सांगितलं की सोलले हे कुणी विसरू नये. पंगत वाढायला यंदा मुलगे आणि पुतणे होते. वहिनी दुसऱ्या पंगतीला बसल्या. खतखतं होतं.

आमच्या किनारपट्टीच्या हॉटेलांत काम करणारी कितीतरी मुलं-मुली माझ्याकडे येतात, दिवसभर हसणं हीच त्यांची नोकरी. अर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. निदान त्यांना पगार मिळतो. त्यांना मी वहिनींचा रस्ता जसाच्या तसा सुचवत नाही. वरिष्ठ सूड उगवणारा असेल, तर तक्रार आधी सहकाऱ्यांबरोबर, लेखी आणि सांभाळून. घरात मारहाण असेल तर गरे काढत बोलायचा प्रश्नच येत नाही, तिथे आधी सुरक्षितता. वहिनींचं घर मुळात मायेचं होतं. तिथे फक्त बातमी पोचत नव्हती.

सावंतवाडीच्या बहिणीची एक तक्रार आहे, ‘तू हल्ली फोन करत नाहीस.’ फोन होतात, आठवड्यातून दोनदा, आणि त्यात बहिणीच्या गुडघ्यांविषयी जास्त बोलणं होतं.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. त्याच्या महिनाभर आधी वहिनी पुन्हा माझ्याकडे आल्या, चांगल्याच रागात. मधल्या जावेचा मेसेज आला होता, ग्रुपवर नव्हे, थेट. ‘वहिनी, राग मानू नका. गेल्या वर्षी मी चिरलेल्या भाज्या तुम्ही माझ्यासमोर पुन्हा चिरल्यात. सुरणाच्या फोडी तर तिनदा. मला परत लग्न होऊन आल्यासारखं वाटलं. यंदा खतखतं पूर्ण माझ्याकडे द्या, नाहीतर मी फक्त पूजेची तयारी करते.’

‘काय बोलते बघा,’ वहिनी म्हणाल्या. मी मेसेज पुन्हा वाचला आणि विचारलं, तुम्ही चिरल्या होत्या का?

‘फोडी मोठ्या होत्या,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘तेफळं किती घालायची ते तरी सांगू का तिला?’

ते तिला विचारा, मी म्हटलं. त्यांनी तिथेच बसून विचारलं. उत्तर आलं : तेफळं तुम्ही घाला, चिरणं माझं.